‘स्पष्ट करणे’ या क्रियापदाविषयी

मानवी उंचीच्या जनुकशास्त्रावरील येंगो व सहकाऱ्यांच्या २०२२ च्या निबंधाचे मोल वादातीत आहे. सुमारे ५४ लक्ष व्यक्तींच्या सामग्रीतून त्यांनी १२,१११ जनुकीय भेद उंचीशी निगडित दाखविले. आमचा आक्षेप आहे तो या शास्त्रात रूढ झालेल्या एका क्रियापदावर. युरोपीय वंशसमूहांत हे भेद उंचीच्या प्रचरणाचा सुमारे ४० टक्के भाग ‘स्पष्ट करतात’ म्हणे! फिशर यांनी १९१८ साली प्रचरणाची संज्ञा योजिली ती समूहातील तफावत मापण्यासाठी. एखाद्या व्यक्तीची चाळीस टक्के उंची जनुकांनी घडविली, असा अर्थ तीतून निघतच नाही. इतर वंशसमूहांत तोच भाग १० ते २० टक्क्यांवर उतरतो; नमुन्यात युरोपीयांचे आधिक्य असता हे अपेक्षितच होते. मराठीत ‘प्रचरणात वाटा असणे’ असे लिहावे. कार्यकारणाचा भास तरी टळेल.