दोन अब्जांची पाटी

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, सेव्हन्थ अव्हेन्यू आणि १२५व्या रस्त्याच्या कोपऱ्याशी, लुईस मिशॉ यांचं ‘नॅशनल मेमोरियल आफ्रिकन बुकस्टोअर’ होतं. त्याच्या दर्शनी भागाची जुनी छायाचित्रं पाहताना नजर आधी कुठं टेकवावी तेच कळत नाही. पाटीखाली पाटी, तिच्याखाली कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या तसबिरी; वीतभर भिंत मोकळी नाही. नेटक्या मांडणीची हौस असलेल्यानं नाक मुरडावं असा हा प्रकार. पण घाईतल्या वाटसरूला थांबवायचं, तर नेटकेपणा मिशॉंना परवडणारा नव्हता.

त्यातली एक पाटी मला फार आवडते. दोन अब्ज आफ्रिकी आणि गोरेतर लोकांच्या इतिहासाची पुस्तकं इथं मिळतात, असं ती सांगते. आकडा आधी सगळ्या शून्यांसकट, मग कंसात अक्षरी. चेकवर लिहितात तसा, कुणी खाडाखोड करू नये म्हणून! १९६०च्या सुमारास जगाची लोकसंख्या तीन अब्ज होती. म्हणजे ज्याला त्याचा देश अल्पसंख्य म्हणून मोजत होता, तो या पाटीखाली उभा राहताच बहुसंख्यांत जमा होई, तेही एकही पुस्तक न उघडता. (त्या दोन अब्जांत आपणही आलोच.)

दुसरी पाटी दुकानाला ‘शहाणपणाचं घर’ आणि ‘योग्य प्रचाराचं माहेरघर’ म्हणते. प्रचार करता असं लोक म्हणणारच, तर ते आपणच रंगवून दारावर लावलेलं बरं, हा मिश्कीलपणा मुरलेल्या विक्रेत्याचा.

काळे लोक वाचत नाहीत, हा त्या काळचा ठरलेला टोमणा. कुठल्याही पाटीत त्याचा साधा उल्लेख नाही, आणि मला त्यातच या दर्शनी भागाची ऐट दिसते. १९३०च्या दशकात मोजक्या पुस्तकांवर सुरू झालेल्या दुकानातला साठा पुढे दोन लाखांवर गेला. विकत घेणं न परवडणाऱ्यालाही आत बसून वाचता येई. कृष्णवर्णीय पुढारी मॅल्कम एक्स तिथं वाचायला येत आणि भाषणंही दुकानासमोर करत. छायाचित्रात ते बोलताहेत आणि पाठीमागे पाट्या, त्यामुळे वक्त्याबरोबर दुकानही छापून येई.

एक पाटी मात्र बाकीच्यांशी जुळत नाही. आफ्रिकेत परतण्याच्या चळवळीसाठी इथं भरती चालू आहे, असं ती जाहीर करते. खुद्द मिशॉ हार्लेममध्येच राहिले, १९७४ साली दुकान बंद होईपर्यंत पुस्तकं विकत.