खालच्या चौकटीतल्या गाई

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा, वाचायची ती खालून वर. डोळ्याला मात्र उलटी खोड असते. तो आधी माथ्यावरचा कलश आणि चंद्र-सूर्य बघतो, मग मधल्या अप्सरांवर रेंगाळतो, आणि जमिनीलगतच्या चौकटीपाशी पोहोचेपर्यंत कंटाळलेला असतो. खरी गोष्ट तिथेच असते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात आणि पलीकडे कागल-करवीरात जुन्या देवळांच्या आवारात अशा शिळा आढळतात. त्यांतल्या बहुतेकांवर साधी लढाई असते. मला रस आहे तो गाई असलेल्या वीरगळींत. गुरं वळवून नेणाऱ्या टोळीला आडवा गेला आणि पडला, अशा माणसाची ती शिळा. गुराखी आणि लढवय्या हे दोन्ही जन्म एकाच अंगावर वागवलेला माणूस दगडात बघायचा असेल, तर तो इथे.

खालची चौकट नीट बघावी. गाई एकीमागे एक, शिंगाला शिंग लावून उभ्या. जागा वीतभर आणि कळप दाखवायचा, म्हणून पाथरवट पुष्कळदा एका धडामागून दुसरं तोंड काढतो, तिसरीची नुसती शिंगं. तेवढ्यात खिल्लार उभं राहतं. वशिंडाची चढण, गळ्याखालची पोळी, मागे पडलेली शेपूट यांत त्याचा हात कुठे अडखळत नाही. माणसाच्या अंगात मात्र अडखळतो. वीराचा गुडघा भलतीकडे वळतो, ढाल हातापेक्षा मोठी होते. मला यात उणेपणा वाटत नाही. रोज गोठ्यात बघितलेलं जनावर त्याला येत होतं, युद्ध त्याने ऐकलेलं असावं. 1204 साली बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजांच्या मंत्र्याने कमल बस्ती हे जैन मंदिर उभारलं. त्याच्या छतातलं दगडी कमळ बघून मान दुखेपर्यंत वर बघत राहावं लागतं. ते दरबारी कसब. गावच्या वीरगळीत ते शोधू नये. पण कमळाच्या पाकळ्यांना नसलेली एक गोष्ट या गाईंना आहे: त्यांना घाई आहे. कुणीतरी हाकलतंय त्यांना.

आणि हाकलणं हेच तर सगळ्याचं मूळ. धान्य लुटायचं तर पोती वाहायला हवीत. गाय लुटली की ती स्वतःच्या पायांनी चालू लागते. नांगर, मोट, शेणखत, तूप, सगळं एका रात्रीत शिवेपार. सौंदत्ती-बेळगावचे रट्ट, हलशी-गोव्याचे कदंब आणि कोल्हापूर-पन्हाळ्याचे शिलाहार यांच्या राज्यांच्या शिवा याच मुलखात एकमेकींना भिडत होत्या. विराटाच्या गाई पळवल्या तेव्हा अर्जुनाला बृहन्नडेचं सोंग टाकावं लागलं. महाभारताने गोग्रहणाला आख्खी लढाई दिली. वीरगळीत रथ नाहीत. हातात तलवार, नाहीतर धनुष्य, आणि समोर माणसं जास्त.

मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगापुढे बसतो. या दोन चौकटी ठरीव आहेत. दहा शिळा पाहिल्यावर अकरावीत काय असेल ते सांगता येतं. तरी एक जागा मला दर वेळी थांबवते. लिंगासमोर नंदी असतो. शास्त्राप्रमाणेच असतो, ठाऊक आहे. पण खालून वाचत आलेल्याला वाटतं, कळपातलं एक जनावर धन्याच्या मागोमाग कैलासापर्यंत आलं.

लेख असलाच तर चौकटींमधल्या पट्टीवर, जुन्या कन्नडात. शिळेला तेल घालणारं घर अनेकदा मराठी. सीमावादाची कागदपत्रं वाचून डोकं उठलेल्याने ही वहिवाटही एकदा पाहावी. बहुतेक शिळांवर मात्र लेख नाही, म्हणजे नावही नाही. अभ्यासक एस. शेट्टर आणि ग्युंथर सोनथायमर यांनी 1982 साली धारवाडहून स्मारकशिळांवर मोठा ग्रंथ संपादित केला. सोनथायमरांनी धनगर-गवळ्यांच्या देवांचाही माग काढला होता. पशुपालांचा वीर आणि पशुपालांचा देव यांत अंतर फार नसतं. पंढरपूरचा विठ्ठलही मुळात गाई राखताना पडलेला वीर असावा, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं होतं. ते पटो न पटो, निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत धनगरांना भंडारा उधळताना पाहिलं की निदान असं का सुचलं असेल ते कळतं.

माझी तक्रार शिळेच्या न्यायाबद्दल आहे. ती मेलेल्यालाच मिळते. गुरं सोडवून, खांद्यावर वार घेऊन परत आला आणि पुढे तीस वर्षं तीच गुरं राखत म्हातारा झाला, त्याला शिळा नाही. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या मुंबई इलाख्यातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. गावातून लढाईवर किती गेले आणि किती कामी आले, एवढे दोन आकडे. परत आलेला माणूस तिथे वजाबाकी करून काढावा लागतो. 1922 पासून मराठा पलटणीचं केंद्र बेळगावात आहे. या भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे भरती होत आली. पेन्शन घेऊन गावी आलेला माजी सैनिक दारात दोन म्हशी बांधतो, पहाटे धार काढून डेअरीवर कॅन घेऊन उभा राहतो आणि फॅट कमी लावला म्हणून भांडतो. वीरगळीतल्या माणसाचं आयुष्य पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत याच जातीचं असणार. म्हणूनच खालची चौकट मला थोर वाटते. वीर कशासाठी मेला यापेक्षा तो कशावर जगत होता, हे तिने जास्त मन लावून कोरलं आहे.

दुर्दैवाने हीच चौकट पहिली बुजते. माती चढते, फरशी बसवताना सिमेंट येतं, आणि गाई गळ्यापर्यंत गाडल्या जातात. जीर्णोद्धार काढणाऱ्या मंडळींना एकच विनंती: शिळेला ऑइलपेंट लावू नका, सिमेंटात पक्की करू नका, आणि काम सुरू करण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराला बोलावून तळाची चौकट मोकळी करून घ्या.