आत्याचं वजन उतरलं, पण नेमकं कशामुळे?



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "परिणाम दिसला हे मान्य, पण तो याच कारणामुळे झाला हे कशावरून?" बरेच जण इथेच अडकतात. म्हणून आज हा प्रश्न आपण घरातल्याच एका उदाहरणाला विचारून पाहू.

माझी आत्या ५१ वर्षांची, इथे नागपुरातच राहते. मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. मागच्या वर्षी तिने दोन गोष्टी एकदम सुरू केल्या: दिवसातून दोनदाच जेवण, आणि पहाटे कपालभाती व अनुलोम-विलोम. पाच महिन्यांत ७ किलो वजन उतरलं. आता ती भेटेल त्याला सांगते, "श्वासाने चरबी जळते, आणि दोनदाच खाल्लं की इन्सुलिन वाढत नाही." वजन उतरलं हे खरंच आहे, काटा खोटं बोलत नाही. माझा आक्षेप तिने दिलेल्या कारणांवर आहे.

दोन जेवणांचा दावा

ही कल्पना मुळात आपल्या नागपूरचीच. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी ती व्याख्यानांतून मांडली. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जिचकारांना श्रेय देऊन ती महाराष्ट्रभर नेली. दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा साधारण आराखडा. कारण असं सांगितलं जातं की काहीही खाल्लं, अगदी थोडंसं जरी, तरी इन्सुलिनचं एक माप सुटतं. म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा.

आता संशोधक म्हणून वाचा. पहिली अडचण यंत्रणेची. इन्सुलिन किती स्रवेल हे तुम्ही काय आणि किती खाल्लं यावर ठरतं. एक बिस्कीट आणि भरलेलं ताट यांना शरीर सारखंच उत्तर देत नाही. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन खाली यायला दोन-तीन तासही लागतात, त्यामुळे ५५ मिनिटांना शरीरशास्त्रात तसा खास आधार नाही.

दुसरी अडचण अशी की या आराखड्यात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. आत्याचा सकाळचा तर्री-पोहा बंद झाला, चारचा गोड चहा आणि त्यासोबतचा चिवडा बंद झाला, वर रोजचं चालणं आलं. मग श्रेय जेवणाच्या संख्येला द्यायचं, कमी झालेल्या कॅलरींना की चालण्याला? यालाच आपण गोंधळात टाकणारे घटक म्हणतो.

ते वेगळे करायचे तर कॅलरी दोन्हीकडे सारख्या ठेवून फक्त वेळा बदलाव्या लागतात. असे प्रयोग झाले आहेत. २०१४ मध्ये प्राग इथल्या हाना काहलेओवा आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना आळीपाळीने १२-१२ आठवडे दोन मोठी जेवणं आणि सहा छोटी जेवणं दिली. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच कमी केल्या होत्या. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहा जेवणांत २.३ किलो. म्हणजे दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्यांपेक्षा इथे जिचकार-दीक्षितांची बाजू वरचढ ठरते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण त्या रुग्णांची दोन जेवणं सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण ही होती. आत्या सकाळी अकराला आणि रात्री साडेआठला जेवते. त्यामुळे तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावता येत नाही.

२०२२ मध्ये चीनमधल्या १३९ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी कॅलरी कमी केल्या. एका गटाने वर सकाळी ८ ते दुपारी ४ एवढंच खायचं बंधन पाळलं. वर्षाअखेर त्यांचे ८ किलो उतरले, दुसऱ्या गटाचे ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. मोठा वाटा कॅलरींचाच दिसतो.

श्वासाचा दावा

इथे गंमत आहे, कारण दाव्याचा अर्धा भाग अगदी खरा आहे. २०१४ मध्येच मीरमन आणि ब्राउन यांनी हिशेब मांडला: १० किलो चरबीचं पूर्ण ज्वलन झालं तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेली १.६ किलो पाणी होते. म्हणजे चरबी शरीराबाहेर जाते ती मुख्यतः नाकावाटेच! मग जोरात श्वास सोडला की जास्त चरबी जाईल का? नाही. धुराड्यातून धूर निघतो म्हणून धुराड्याला पंखा लावून चुलीत जास्त लाकूड जळत नाही. पेशींनी जाळलं तेवढंच बाहेर येणार. गरजेपेक्षा जोरात श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि चक्कर येते.

साधा हिशेब करू. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं. ७५ किलोच्या माणसाने १५ मिनिटं कपालभाती केली आणि खर्च दुप्पट झाला असं धरलं, तरी जादा खर्च सुमारे १९ कॅलरी, म्हणजे जेमतेम एक चमचा साखर.

कोणी म्हणेल, प्रयोग तर आहे. आहे. १९९४ मध्ये शर्ली टेलिस, नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ४८ पुरुषांवर महिनाभर अभ्यास केला. उजव्या नाकपुडीने श्वसन करणाऱ्यांचा मूळ ऑक्सिजन वापर ३७ टक्के वाढलेला आढळला. आकडा मोठा आहे, म्हणूनच त्याला कसोटी लावा. ही वाढ दिवसभर टिकली तर १५०० कॅलरींच्या विश्रांत खर्चात रोज साडेपाचशेची भर पडेल, आणि खाणं तेवढंच ठेवून महिन्याला दोन किलो उतरायला हवेत. असं आपल्याला आजूबाजूला दिसतं का? शिवाय डाव्या नाकपुडीच्या गटातही २४ टक्के आणि आलटून-पालटून करणाऱ्या गटात १८ टक्के वाढ होती. सगळीकडेच आकडा वाढत असेल तर काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना हवी, असा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा.

प्राणायाम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. आत्याची झोप सुधारली, संध्याकाळचं तोंड चाळवणं कमी झालं, असं ती सांगते. कदाचित श्वासाचा खरा हात तिथे असेल. पण तो वेगळा दावा झाला, आणि तो वेगळा तपासावा लागेल.

"या वयात चयापचय मंदावतं"

हेही आत्याचंच वाक्य. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी ६,४०० हून अधिक लोकांची आकडेवारी मांडली. शरीराचा आकार आणि चरबीविरहित वजन हिशेबात घेतलं तर २० ते ६० वर्षांदरम्यान ऊर्जाखर्च जवळपास स्थिर असतो. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत वजन वाढतं त्याची कारणं घटलेले स्नायू, कमी हालचाल, झोप आणि ताटात शोधायला हवीत.

वजन उतरलं ना, मग कारणाने काय फरक पडतो?

फरक पडतो. आत्याने नाश्ता सोडला पण गोळी सकाळीच घेत राहिली. तिची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. एका सकाळी तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले. शेजारच्या काकूंनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. "अगं, दोनदाच खाते तर इन्सुलिन कुठून वाढेल?" असं ती मलाच विचारत होती. तिला ठाऊक असलेलं कारण अर्धवट होतं, आणि त्याच भरवशावर तिने डॉक्टरांना विचारलं नाही. दीक्षितांच्या आराखड्यातही आधी तपासण्या करायला सांगितलेलं आहे. ऐकीव आवृत्तीत नेमकं तेच गळतं. आता डॉक्टरांनी तिची गोळी बदलली आहे, दोन जेवणं चालू आहेत.

तेव्हा पुढचा शोधनिबंध हातात घ्याल तेव्हा वहीत दोन रकाने करा. एकात लिहा "काय झालं", दुसऱ्यात "का झालं असं म्हणतात". दोन्हींचे पुरावे वेगवेगळे मागा. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा, असे निबंध तुम्हाला खूप सापडतील.