दाराबाहेरचा माणूस

मराठी कथाकादंबऱ्यांतील माणसे कोठे राहतात याची कोणी यादी केली, तर ती मोठी बोलकी होईल. तीत वाडा येईल, चाळ येईल, झोपडपट्टी येईल, वसतिगृह येईल. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. ‘चक्र’ आणि ‘कोसला’ ही दोन्ही १९६३ ची. या पुस्तकांत राहण्याची जागा माणसांना घडवते, मोडते, बोलायला लावते. माझ्या वाचनापुरते बोलायचे तर या यादीतली एक जागा जवळजवळ रिकामी आहे. शहरातल्या एखाद्या शांत, सुखसोयींच्या हॉटेलात चार दिवस उतरलेला माणूस आपल्या कथेत येत नाही असे नाही. परंतु त्याच्या तेथे राहण्याला लेखकाने काही अर्थ दिलेला नसतो. तो तेथे कोणाला तरी चोरून भेटतो, दारू पितो आणि निघून जातो. हॉटेल नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगलेले राहते. प्रवासवर्णनांत ते पुष्कळ अधिक येते. पण तेथे त्याचे काय होते ते पुढे पाहू.

या रिकामेपणाचे एक कारण आपल्या भाषेतच सापडते. ‘हॉटेल’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला तो खाण्यासाठी, राहण्यासाठी नव्हे. आमच्या आंबीचा माणूस तळेगावच्या बाजाराला गेला आणि ‘हॉटेलात बसलो होतो’ म्हणाला, तर त्याने भजी खाल्ली आणि चहा घेतला एवढाच त्याचा अर्थ. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आवाज जरासा खाली येतो. त्याआधीचे आपले शब्द म्हणजे धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना. परगावी मुक्काम पडला की नातेवाइकाचे घर शोधायचे. ते नसेल तर ज्ञातीतल्या कोणाचे तरी. कोणाचाही पाहुणा न होता, पैसे मोजून, दार लावून निवांत पडावे ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले. ते पुस्तक छापून आले १९०७ साली. आपण ते वाचतो ते झाशीसाठी आणि बंडाच्या धामधुमीसाठी. परंतु भटजींच्या मुक्कामांकडे लक्ष ठेवून वाचले, तर ध्यानात येते की, उतरण्याची सोय आणि जात या दोन गोष्टी त्या जगात एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. जागा देणारा कोण आणि घेणारा कोण हे दोघांनाही ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच जागा मिळते. हॉटेल या नव्या संस्थेने नेमके हेच मोडण्याचे वचन दिले. पैसे टाका, वहीत नाव लिहा, किल्ली घ्या. तुम्ही कोण, कुठले, हे आम्ही विचारणार नाही, आणि तुमच्या दाराशी कोणी आवाजही करणार नाही. शांतता आणि आराम या दोन्ही गोष्टी त्या वचनातून येतात.

ते वचन कोणासाठी पाळले गेले आणि कोणाच्या जिवावर, याची कसोटी पाहणारी दोन लेखने मला माहीत आहेत. दोन्ही इंग्रजीत आहेत, दोन्ही आपल्या परिसरातल्या मुक्कामांविषयी आहेत, आणि ती शेजारी ठेवून वाचावीत असे मला फार दिवस वाटत आले आहे.

पहिले मार्क ट्वेनचे. हा अमेरिकन लेखक १८९६ च्या जानेवारीत मुंबईला आला आणि वॉटसनच्या हॉटेलात उतरला. काळ्या घोड्याजवळची ही इमारत १८६० च्या दशकातली; तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून येथे आणून जोडला होता. ट्वेन आला त्याच वर्षी ७ जुलैला लुमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ तेथेच झाला. हॉटेल गोऱ्यांचे. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून १९०३ साली ताजमहाल हॉटेल उभे राहिले अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा वाद अभ्यासकांचा. लोकांनी मात्र ती विश्वासाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, कारण तसे घडणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते.

ट्वेनचे पुस्तक, ‘फॉलोइंग द इक्वेटर’, १८९७ साली निघाले. माझे इंग्रजी शाळेपुरतेच. ते प्रकरण मी शब्दकोश उशाशी ठेवून वाचले. सुरुवातीला सारी गंमतच आहे. सामान वर नेणाऱ्यांची मिरवणूक निघते, आणि ट्वेन माणसे मोजतो. चौदाएक माणसे, प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू. कोणाकडे पंखा, कोणाकडे छत्री. आणि वस्तू ठेवल्यावर प्रत्येक जण पैशासाठी नम्रपणे थांबतो. मग गॅलरीच्या दाराची काही दुरुस्ती निघते. एक नोकर गुडघे टेकून कामाला लागतो. ते काम नीट होत नसावे. बरोबर आलेला धिप्पाड जर्मन व्यवस्थापक काय चुकले ते न सांगताच त्याच्या जबड्यावर एक तडाखा देतो. नोकर तो मुकाट्याने सोसतो. आणि ट्वेनच्या मनात एकदम पन्नास वर्षांमागचे त्याचे लहानपण उभे राहते. मिसूरीतले ते गुलामगिरीचे दिवस, आणि एरवी सभ्य असलेल्या त्याच्या वडिलांनी घरच्या गुलाम मुलाला दिलेले फटके.

या प्रसंगाचे वाङ्मयीन मोल कशात आहे? अन्यायाचा धिक्कार केला यात नव्हे. धिक्कार करायला कोणालाही येतो. ट्वेन येथे पाहुणा आहे. दार त्याच्यासाठी दुरुस्त होत आहे. तो आरामात आहे, आणि तो आराम कोणत्या पद्धतीने तयार होतो हे त्याने स्वतःच्या वडिलांपर्यंत मागे जाऊन ओळखले आहे. मोजलेली ती चौदा माणसे आधी विनोद वाटतात. त्या तडाख्यानंतर ती माणसे होतात. लेखकाने वेगळे भाष्य न करता वाचकाचे हसू मागे घेतले, हे खरे कसब.

दुसरे लेखन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातला बडोद्याचा प्रसंग पुष्कळांना कथानक म्हणून माहीत आहे. मुक्कामाचे वर्णन म्हणून तो क्वचितच वाचला जातो. अमेरिका-इंग्लंडातले शिक्षण घेऊन आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. हिंदू हॉटेलात त्यांना जागा मिळणार नव्हती. एका पारशी उतारगृहात ते गेले. तेथील नियम असा की, पारशाखेरीज कोणाला ठेवायचे नाही. रखवालदाराकडे गिऱ्हाईक नव्हते, त्याला मिळकत हवी होती. वहीत पारशी नाव लिहायचे आणि खाण्याराहण्याचे रोज दीड रुपया द्यायचे, असे ठरले.

आता ती जागा पाहा. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, लगत नळाची न्हाणी. बाकी सगळा मजला म्हणजे फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांनी भरलेले मोठे दालन. सकाळी चहा, साडेनऊला न्याहारी, रात्री साडेआठला जेवण. विजेचा दिवा नाही. रखवालदार एक लहानसा कंदील आणून ठेवी. दुसरे कोणी बिऱ्हाडकरू नाही. म्हणजे शांतता हवी तेवढी आहे, तिला पैसेही मोजले आहेत. आणि तीच शांतता कोठडीसारखी अंगावर येते. माणसांच्या सोबतीसाठी तळमळणारा तो तरुण अंधार विसरण्यासाठी पुस्तकात डोके घालून बसतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून येतात, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटते. आंबेडकर दोन मित्रांकडे आसरा विचारतात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही आपापल्या रीतीने नाही म्हणतात. मग कामाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहणे.

या लेखनात चिडीचा एक शब्द नाही. रखवालदाराविषयीही कडवटपणा नाही. तो पोटासाठी खोटे चालवून घेणारा साधा माणूस म्हणूनच येतो. जेवणाच्या वेळा, दिवसाचा दर, कंदिलाचा आकार अशा बारीक गोष्टी जशाच्या तशा नोंदवल्या आहेत. हॉटेलाने दिलेले वचन खोटे ठरल्याचा याहून नेमका पुरावा मला दुसरा माहीत नाही: खोलीचे भाडे भरले की खोली आपली होते असे नाही, वहीतले नाव कोणीतरी वाचतोच.

ट्वेन हा दाराच्या आत सुरक्षित असलेला माणूस, त्याला बाहेरचा दिसला. आंबेडकर आत असूनही बाहेरचे, त्यांना दारच दिसत राहिले. या दोन टोकांच्या मधली जी विस्तीर्ण जागा आहे, तिथे आपले आजचे लेखन वावरते. आणि तेथे मला एक व्याकरणाची गोष्ट खटकते. आपल्या प्रवासवर्णनांत आणि दिवाळी अंकांतल्या ‘चार निवांत दिवस’ छापाच्या ललित लेखांत वाक्ये अशी असतात: चहा आला. दिवे लागले. बिछाना घातलेला होता. खोली आवरून झाली होती. मराठीत कर्ता गाळण्याची ही सोय फार सुरेख आहे, आणि फार धोक्याचीही. घरात बाईच्या कष्टांबाबत आपण हेच व्याकरण चालवत आलो. हॉटेलात ते आयतेच उपयोगी पडते. थोरांच्या चरित्रांतही ते आहे. लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला तो मुंबईच्या सरदारगृहात, म्हणजे उतारूंच्या हॉटेलात. त्या अखेरच्या दिवसांत तेथले जिने कोणी झाडले, मध्यरात्री पाणी कोणी तापवले, हे विचारणे आपल्याला सुचतही नाही.

मला ते सुचते याचे कारण माझे गाव. आंबी इंद्रायणीकाठी, तळेगावजवळ. पुण्याची लोकल हाकेच्या अंतरावर आणि लोणावळा दुसऱ्या बाजूला. आमच्या भागातली किती तरी मुले दहावी-बारावीनंतर हॉटेलांच्या कामाला लागतात. गेल्या वर्षी एका कादंबरीची मुद्रिते तपासण्यासाठी मी पुण्यातल्या एका हॉटेलात तीन दिवस राहिलो. जागा खरोखरच सुखाची होती: जाड पडदे, स्वच्छ चादरी, रस्त्याचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन आला तो माझा जुना विद्यार्थी. त्याने मला ‘सर’ म्हटले. तो तेथे सगळ्यांनाच ‘सर’ म्हणतो; वर्गात चार वर्षे मला म्हणत होता तोही हाच शब्द. दोन्हींतला फरक आम्हा दोघांनाही कळला, आणि त्याने नजर आधी वळवली. मी विचारले तेव्हा त्याने आपले काम सांगितले. रबरी तळव्यांचे बूट. ढकलगाडीचे चाक वाजू लागले की आधी तेल. बोलायचे ते जिन्यात. ज्या शांततेत मी मुद्रिते तपासत होतो, तिची ही कृती होती.

यावर कोणी म्हणेल, थकल्या माणसाने चार दिवस निवांत राहूही नये काय? जरूर राहावे. आराम हे पाप नव्हे, आणि टीकालेखाने कीर्तन करू नये. माझा आक्षेप राहण्याला नाही, लिहिण्याला आहे. ज्या लेखनात चहा आपोआप येतो, त्यात पुढे माणसेही आपोआप येतात आणि जातात. त्यांच्या सुखदुःखांना कारण उरत नाही. असे लेखन गोड लागते आणि अंक मिटताच विसरले जाते. याउलट चाळीच्या जिन्याची, नळावरच्या रांगेची नोंद ज्यांनी घेतली, त्यांची पुस्तके आपण अजून काढून वाचतो.

त्या रिकाम्या जागेवर कोणी कादंबरी लिहायला बसेल, तर ती वरच्या खोलीतून लिहावी की तळघरातल्या धुलाईच्या खोलीतून, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. लेखक कोणत्या थरातून आला आहे हेही मी विचारणार नाही. पहिल्याच पानावर चहा आला असेल, तर तो कोणी आणला, त्याचे गाव कोणते आणि त्याची रात्रपाळी किती वाजता सुटते, एवढे मात्र मी त्या पुस्तकात शोधीन.