बोल आणि घास

शरत कटारिया यांचा ‘दम लगा के हईशा’ हा बोलपट २०१५ साली आला आणि त्या वर्षीच्या हिंदी चित्रांत राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. हरिद्वारचे एक कुटुंब, कॅसेटच्या दुकानात रमणारा प्रेम आणि त्याची शिकलेली, अंगाने भरलेली बायको संध्या. बायकोला पाठीवर घेऊन धावण्याच्या शर्यतीने चित्र संपते, आणि बहुतेकांना तीच आठवते. मला मात्र चित्राचे मर्म त्याआधीच्या एका थपडेत दिसते. मित्रांसमोर प्रेम तिच्या देहाविषयी अभद्र बोलतो. ती ते ऐकते आणि चारचौघांत त्याच्या मुस्काटात देते.

पण माझी तक्रारही इथेच सुरू होते. हा अपमान इतका उघडानागडा आहे की त्याला उत्तर देता येते. आपल्या घरांतले बोल मायेच्या पदराखालून येतात. फराळाचे ताट पुढे येते. मुलाने पाचवी चकली उचलली की आजी कौतुकाने म्हणते, ‘वाढत्या अंगाचा आहे हो!’ बहिणीने तिसरी उचलली की आत्या हसत म्हणते, ‘बेतानं गं बाई, अजून उजवायची आहेस!’ आणि मुळातच काटकुळी असलेल्या तिच्या मावसबहिणीला, ‘खा गं, फुंकर मारली तर उडशील!’

बोलणारीच्या मनात खोट नसते. तरीही दोघी मुली एकच धडा घेऊन पानावरून उठतात: आपला देह ही घराने पारखायची वस्तू आहे. मग एक भूक असून ‘पोट भरलं’ म्हणते, दुसरी नको असलेला घास गिळते. मायेच्या शब्दाला थप्पड मारता येत नाही. म्हणूनच तो खोल रुततो.

संध्येच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकर यांनी वजन वाढवले होते. पुढे त्यांनी ते उतरवले, तेव्हा त्या उतरलेल्या वजनाचीही केवढी चर्चा झाली! संध्येसाठी डोळे पुसणारा प्रेक्षक अखेर आत्याबाईंच्याच सुरात बोलू लागला. चित्राने नवऱ्याला शहाणे केले. ताटाभोवतीची माणसे तशीच राहिली.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा करंजी खुसखुशीत झाली की नाही, यावर मनसोक्त वाद घाला. खाणारीच्या अंगाविषयी मात्र अवाक्षर काढू नका. ‘आणखी वाढू का?’ एवढ्या शब्दांत माया पुरेपूर मावते.