दाब जुळला, पण प्रतिमान जुळले काय? : फ्लुइडाइज्ड बेडच्या संगणकीय प्रतिरूपणाची चिकित्सा

वाळूसारख्या कणांच्या थरातून खालून वायू सोडून त्याचा वेग वाढवत नेला, की एका मर्यादेनंतर वायूच कणांचा भार पेलू लागतो आणि सारा थर उकळत्या पाण्यासारखा वागतो. कारखान्यात यास फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. विंक्लर यांनी 1920 च्या दशकात जर्मनीत कोळशाच्या वायूकरणासाठी हे तंत्र योजिले. 1942 मध्ये अमेरिकेतील बॅटन रूज येथे खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनाचा पहिला व्यापारी संच याच तत्त्वावर सुरू झाला. प्रत्येक कणाचा मागोवा घेणारे संगणकीय प्रतिरूपण मात्र त्यानंतर अर्ध्या शतकाने आले.

त्सुजी, कावागुची व तानाका यांचा 1993 चा शोधनिबंध या परंपरेचा आरंभबिंदू मानला जातो. कुंडॉल व स्ट्रॅक यांनी 1979 मध्ये मृदा-यांत्रिकीसाठी मांडलेली कणांच्या टकरींची पद्धत त्यांनी वायुप्रवाहाच्या समीकरणांशी जोडली. कण होते 2400 आणि प्रत्येकाचा व्यास 4 मिलिमीटर. पडद्यावर बुडबुडे उठले, कण मिसळले. त्यासाठी कणांमधील काल्पनिक स्प्रिंगा प्रत्यक्ष धातूहून कितीतरी मऊ धराव्या लागल्या. तसे न करता गणनेचा कालखंड इतका सूक्ष्म झाला असता की हिशेब पुरा होणे अवघड होते. ही तडजोड लेखकांनी लपविली नाही, हे त्यांच्या श्रेयाचे. मोठ्या, कोरड्या कणांबाबत तिने फारसे बिघडत नाही. परंतु हीच सवलत पुढे चिकट, बारीक भुकटीसाठीही मुक्तहस्ते घेतली गेली. तेथे मऊ स्प्रिंगेमुळे कण एकमेकांना अधिक काळ बिलगून राहतात व भुकटी आहे त्याहून अधिक चिकट भासते.

हूमान्स व सहकाऱ्यांच्या 1996 च्या कामाचे महत्त्व निराळे आहे. टक्कर पूर्णतः स्थितिस्थापक व घर्षणरहित मानली, तर बुडबुडे जवळजवळ नाहीसे होतात, असे त्यात आढळले. बुडबुडा ही केवळ वायूची करामत नसून टकरींत होणाऱ्या ऊर्जाव्ययाचाही तिच्यात मोठा वाटा आहे, ही गोष्ट प्रयोगशाळेत दाखविणे अशक्यप्राय होते, कारण घर्षणरहित कण बाजारात मिळत नाहीत. प्रतिरूपणाचे खरे सामर्थ्य अशा ठिकाणी दिसते.

गेल्डार्ट यांनी 1973 मध्ये भुकटीचे जे चार वर्ग केले, त्यांपैकी 'अ' वर्गात तेलशुद्धीकरणातील उत्प्रेरक मोडतो. कण 70 मायक्रॉनचा धरला तर थराच्या एका घनसेंटिमीटरमध्येच सुमारे 30 लक्ष कण बसतात. मग कणांऐवजी कणसमूहालाच एक द्रायू मानून दोन द्रायूंची समीकरणे सोडविणे भाग पडते. येथे नेहमीचे कर्षणबलाचे सूत्र वापरले असता थर प्रत्यक्षाहून फार फुगलेला दिसे. मॅकीन व पग्स्ली यांनी 2003 मध्ये कर्षणबलास सुमारे 0.25 ने गुणले व उत्तर मोजमापाशी जुळविले. कण चिकटून गुच्छ होतात, हे त्याचे समर्थन. 2009 मध्ये वँग, व्हॅन डर हूफ व कायपर्स यांनी दाखविले, की गणनेची जाळी कणव्यासाच्या दोन-चार पटींइतकी बारीक केली, तर असा गुणक न लावताही थराची उंची योग्य येते. म्हणजे दोष मुख्यतः जाळीच्या जाडेपणात होता. त्याचे खापर भुकटीच्या चिकटपणावर फुटले. संख्या दोन्हीकडे जुळते, कारण मात्र एकाच ठिकाणी बरोबर असते. एका नळकांड्यावर जुळविलेला गुणक मोठ्या संचाच्या आराखड्यात गेला, तर या फरकाची किंमत लाखोंच्या यंत्रात मोजावी लागते.

याच संदर्भात 'प्रयोगाशी मेळ' या शब्दप्रयोगाचीही तपासणी व्हावयास हवी. अनेक निबंधांत थराच्या सरासरी दाबातील घट जुळल्याचा आलेख पुरावा म्हणून येतो. पण थर तरंगू लागला, की ती घट थराचे वजन भागिले क्षेत्रफळ इतकीच असते. वस्तुमान नीट राखणारे कोणतेही प्रतिमान, मग त्याचे कर्षणसूत्र बरोबर असो वा चूक, हे उत्तर देणारच. परीक्षकाने प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापावे, तसा हा प्रकार होय. त्यापेक्षा दाबाच्या चढउतारांची वारंवारता व त्यांचा आवाका, बुडबुड्यांचा आकार, कणांच्या वेगाचे वितरण यांवर प्रतिमान घसरू शकते. म्हणूनच त्या कसोट्या. त्सुजी व सहकाऱ्यांनी 1993 मध्येच दाबाच्या चढउतारांची तुलना केली होती, आणि नंतरच्या कित्येकांनी सोपी वाट धरली, हे खटकते.

अलीकडे बारीक जाळीवरील गणनांतून जाड जाळीसाठी सुधारित कर्षणसूत्रे काढण्याची दिशा रूढ झाली आहे. ईग्जी, सुंदरेशन व सहकाऱ्यांचे 2008 चे काम त्यातील महत्त्वाचे. येथेही गुणक आहे, पण तो प्रयोगाशी जुळविलेला नसून जाळीच्या आकारावरून काढलेला आहे, आणि जाळी बदलली की तो किती बदलावा हे आधीच सांगता येते.