नागरिकशास्त्राच्या पाठांतील लोपलेला कर्ता

सामाजिक न्याय शाळेत शिकवावा की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. तो कोणत्या भाषेत शिकवावा हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि तो केवळ शिक्षणशास्त्रज्ञांवर सोपवून व्याकरणाच्या अभ्यासकांनी मोकळे व्हावे असे मला वाटत नाही.

'अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नसे.' हे वाक्य मी नमुन्यादाखल रचले आहे. परंतु शालेय पाठांची भाषा ज्यांच्या कानांत आहे त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. बोलताना मराठी माणूस 'पाणी भरू देत नसत' असे म्हणेल. तेथेही कर्ता उच्चारलेला नाही. पण 'नसत' या अनेकवचनी रूपात त्याची खूण राहते आणि 'कोण?' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या ओठांवर येतो. 'दिले जात नसे' या रचनेत ती खूणही पुसली जाते. अन्याय पावसासारखा आपोआप पडत असावा, असा भास होऊ लागतो. यावर कोणी म्हणेल की संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाचे शब्दही कर्त्यावाचूनच आहेत. ते खरे आहे. परंतु कायद्यात कर्ता वगळल्याने निषेध सर्वांना लागू होतो. इतिहासाच्या पाठात तो वगळल्याने कोणालाच काही लागू होत नाही.

या रचनेशेजारी एक जुना शालेय निबंध ठेवून पाहण्यासारखा आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदया'ने १८५५ साली छापला. ('छापला गेला' असेच प्रथम लेखणीतून उतरले होते, सवय किती खोल आहे पाहा.) जमिनीवरून हुसकून कोणी लावले, वाडे कोणी बांधले, हे मुक्ता स्पष्ट सांगते. बाजीरावाच्या राज्याचा उल्लेख ती नाव घेऊन करते. विशेष हे की, महारांनीही मांगांना कमी लेखण्याचा गुण उचलला आहे, हेही ती लपवीत नाही. म्हणजे कर्ता सांगणे हे तिच्या लेखी केवळ दोषारोपाचे साधन नाही. आपल्या बाजूच्या माणसांनाही ती त्यातून वगळीत नाही. आणि अखेरीस ती मांग-महारांनाच संबोधून विद्या घ्या असे सांगते. दुःखाला कर्ता आहे म्हणूनच उपायालाही कर्ता सापडतो.

एका शिक्षकमित्राने मला विचारले, 'ज्यांच्या पणजोबांनी अडवले आणि ज्यांचे पणजोबा अडवले गेले, ती मुले माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. तेथे मी जातीचे नाव कसे घेऊ?' ही अडचण खरी आहे. तिला भित्रेपणा म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. कर्मणी प्रयोग हा पुष्कळदा शिक्षकाच्या सौजन्याचाच आविष्कार असतो.

परंतु कर्ता म्हणजे जातच, असे कोठे आहे? महाडची हकीकत घ्या. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण प्रत्यक्षात पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर जमावाने प्रतिनिधींना मारहाण केली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावला. उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. येथे प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो ठराव करणारी, फिरवणारी, निकाल देणारी संस्था आहे. एकच नगरपालिका दोन परस्परविरोधी क्रियापदांची कर्ती कशी झाली, या एका प्रश्नावर नागरिकशास्त्राचे दोन तास सहज जावेत. 'चवदार तळे खुले झाले' या अकर्मक वाक्यात ते सगळे बुडून जाते.

शालेय पाठांखालच्या स्वाध्यायांत 'केव्हा?' ने विचारलेले प्रश्न किती व 'कोणी?' ने विचारलेले किती, हे आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने इयत्तावार मोजून पाहावे.